वेगळे ठेवलेले दोन पेले

आमच्या घरात त्या वर्षी दोन पेले वेगळे ठेवलेले असायचे. एक देवळातला. आम्ही ख्रिस्ती माणसंही तेव्हा आमच्या प्रार्थनेच्या जागेला देऊळच म्हणायचो. तो पेला चांदीचा मुलामा दिलेला, बारीक दांड्याचा. गावात दुसरी सुरक्षित जागा नाही म्हणून तो बाबांच्या ट्रंकेत, आईच्या लग्नातल्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेला असे आणि प्रभुभोजनाच्या रविवारी, सगळ्यांनी त्यातून एकेक घोट घ्यायला, तेवढा बाहेर निघे. दुसरा पेला माझा. पितळेचा, काठाला पोचा आलेला, पडवीतल्या कोनाड्यात पालथा घातलेला. पहिल्याला हात लावायचा नाही कारण तो पवित्र, आणि दुसऱ्याला लावायचा नाही कारण त्यातून मी पाणी प्यायची. माझा धाकटा भाऊ दानी तेव्हा पाच-सहा वर्षांचा असेल. त्याला दोन्हींची कारणं वेगवेगळी सांगितली होती, पण त्याच्या डोक्यात त्यांचा काला झाला होता आणि तो दोन्ही पेल्यांना सारखाच भ्यायचा. खरं सांगायचं तर मीही भ्यायची.

आमचं गाव प्रवरेच्या काठचं, कोल्हारहून गाडीवाटेनं आत. बाबा मिशनच्या शाळेचे मास्तर. मास्तर म्हणजे देवळाचा झाडूवाला, घंटावाला, गाणी सांगणारा आणि पाळक नसतील त्या रविवारी उपदेश करणारा, असं सगळंच. शाळा आणि देऊळ एकाच खोलीत भरायचं; सोमवारी फळा पुढे यायचा, रविवारी भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. घंटा म्हणजे लिंबाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. तो बाबांनी ठोकला की नदीपलीकडची कुत्री भुंकायची. बाकी गावात आवाज मोटेच्या कुरकुरीचा, उसाच्या दिवसांत गुऱ्हाळावरच्या चरकाचा, आणि त्या वर्षी आमच्या घरात सगळ्यांत मोठा आवाज माझ्या खोकल्याचा. तो सुरू झाला की बोलणारी माणसं थांबायची, जमिनीकडे बघायची, आणि खोकला संपला की अडलेल्या शब्दापासून पुढे बोलू लागायची. आजारापेक्षा मला त्या थांबण्याची जास्त भीती वाटायची.

मी तेरा वर्षांची होते. संध्याकाळ झाली की अंग तापायचं, गाल लाल व्हायचे, आणि येणारी-जाणारी माणसं म्हणायची, पोरगी कशी टवटवीत दिसतेय. मग एकदा खोकताना फडक्यावर लाल ठिपका पडला. बाबांनी मला बैलगाडीनं आणि मग मोटारीनं नगरला नेलं. इस्पितळातल्या मडमेनं छातीला नळी लावली, पाठीवर बोटं वाजवली आणि बाबांना इंग्रजीत एक शब्द सांगितला. बाबांनी तो शब्द वाटेतही उच्चारला नाही आणि घरातही कधी नाही. आमच्याकडे तो ‘तो आजार’ एवढाच होता. त्या आजाराला तेव्हा औषध असं नव्हतंच. दूध, अंडी, विश्रांती आणि उघडी हवा, एवढं सांगून मडमेनं आम्हाला वाटेला लावलं. उघडी हवा आमच्याकडे भरपूर होती. अंड्यांसाठी आईनं एक तलंग कोंबडी पाळली. घरातली बाकीची मंडळी हुलग्याचे शेंगोळे ओरपत असायची आणि मी पडवीत अंडं खात असायची. दानी उंबऱ्यावर बसून माझ्या प्रत्येक घासाबरोबर आवंढा गिळायचा. त्याला माझ्या ताटातलं काही द्यायचं नाही असा कडक हुकूम होता.

शेजारच्या मळ्यातली सोनाकाकू आईची मैत्रीण. मराठ्याच्या घरची, जमीनजुमल्यातली, पण बोलायला मोकळी. तिच्या बांधाला अडुळशाचं कुंपण होतं. रोज सकाळी ती अडुळशाचा पाला कुंपणावरून आईच्या पदरात वरूनच टाकायची. माझ्या आजारामुळे वरून टाकायची की त्याच्याही आधीपासूनच्या कारणानं, ते मी कधी विचारलं नाही. “सगुणा, पार आटवून दे. अन् वर गूळ-बिळ देऊ नगंस, खोकला चाळवतो,” असं ती बजावायची. आई तो पाला ठेचून, उकळून त्याचा काढा करायची. हिरवट काळा आणि असा कडू, की पोटात गेल्यावरही जिभेच्या मुळाशी दुपारपर्यंत बसून राहायचा. आज ऐंशीच्या घरात मला जेवणातल्या चवी नीट लागत नाहीत, पण ती चव डोळे मिटले की अजून येते.

आईची आणखी एक चव होती, ती मात्र देवळातल्या सगळ्या मंडळीच्या ओळखीची. प्रभुभोजनाचा रस तीच करायची. दुसरं महायुद्ध चालू होतं; त्या लढाईमुळे मनुका मिळेनाशा झाल्या होत्या. बाबा नगरला गेले की मिळतील तेवढ्या रुमालात बांधून आणायचे. आई त्या भिजत घालायची, कुस्करायची, मंद आचेवर उकळायची आणि धुवट फडक्यातून गाळायची. उरलेला चोथा मला आणि दानीला मिळायचा. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण पाळकांचं वचन आणि बाबांची गाणी यांच्या जोडीला त्या रविवारी तिच्या हातचा रस असायचा, आणि रस गाळताना तिच्या चेहऱ्यावर जो रुबाब यायचा तसा मी नंतर मोठमोठ्या बायकांच्या चेहऱ्यावरही पाहिला नाही.

त्या ईस्टरला मला मंडळीत घ्यायचं, म्हणजे मला प्रभुभोजनाला बसू द्यायचं, असं बाबांनी ठरवलं. माझ्या वयाच्या बाकीच्या पोरी अजून दोन वर्षं थांबणार होत्या. माझीच घाई का, हे मला कुणी सांगितलं नाही, तरी मला ते कळलं. पाळकसाहेब सायकलवरून येऊन मला अंगणात शिकवायचे. उंच, वाळके, कमी बोलणारे. त्यांनी बायबलातल्या पौलाच्या पत्रातला एक भाग समजावून सांगितला: जो अयोग्यपणे खातो-पितो तो स्वतःवर दंड ओढवून घेतो, आणि म्हणून मंडळीत कितीतरी जण दुबळे आणि आजारी झाले आहेत, काही तर झोपी गेले आहेत. झोपी गेले म्हणजे मेले, हे मी बाबांकडून आधीच समजून घेतलं होतं. मी विचारलं, “आजारी माणूस आधीच अयोग्य असतो का?” पाळकसाहेब बराच वेळ सायकलच्या घंटीवरची धूळ पुसत राहिले. “नाही,” ते म्हणाले. पण तेवढ्या वेळात माझ्या मनानं उलटं उत्तर घेऊन टाकलं होतं.

आमच्याकडे प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी तयारीची सभा व्हायची. कुणाचं कुणाशी भांडण असेल तर ते तिथे मिटवायचं, मगच पेल्याला तोंड लावायचं. त्या सभेत शिमोनबा उभे राहिले. हे आमच्या मंडळीतले वडीलधारे, जाडजूड, पोट पुढे आलेले, शास्त्र तोंडपाठ. त्यांचा ऊस होता, गुऱ्हाळ होतं, आणि त्यांच्या धोतरालाही गुळाचा वास यायचा. ते म्हणाले, “पोरीवर माजा राग न्हाई. पन पेला येक हाय अन् तोंडं लई हायेत. बरी झाली म्हंजी घिऊ द्या की तिला.”

पाळकसाहेब म्हणाले, “शिमोनबा, ती बरी व्हावी म्हणूनच तर देतोय.”

“अन् आमी आजारी पडलो तर?”

मी खिडकीखाली बायकांच्या मागे बसले होते आणि मला नेमका त्याच वेळी खोकला आला. मी तोंडात पदर कोंबला, तरी तो आलाच, आणि सगळे थांबले. पाळकसाहेब म्हणाले, “ती सगळ्यांच्या शेवटी घेईल. आणि उरेल ते मी पिईन.” उरलेला रस ओतायचा नाही, पाळकानं प्यायचा, ही रीत आधीचीच होती, पण त्या दिवशी ती ऐकून मी तोंडातला पदर आणखी आत कोंबला. पाळकसाहेबांना काही झालं तर ते माझ्यामुळे होणार होतं.

ईस्टरच्या सकाळी आईनं मला न्हाऊ घातलं, पांढरं लुगडं नेसवलं. पितळी घागरीतून रस सुरईत ओतताना तिनं माझ्याकडे पाठ केली होती. एरवी ती मला चोथा चाटायला द्यायची; त्या दिवशी तिनं चोथा राखेत टाकला. “आज न्हाई,” एवढंच म्हणाली. मला वाटलं, पवित्र दिवस म्हणून असेल.

देवळात सतरंजीवर एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. भाकर, म्हणजे आईनंच केलेली जाड पोळी, तुकडे करून फिरली. मग पाळकसाहेबांनी मला पुढे बोलावलं, डोक्यावर हात ठेवला आणि सरळ साध्या शब्दांत मागणं केलं, की या लेकराची छाती बरी कर. मी जागेवर येऊन बसले आणि ते पेला घेऊन पुरुषांच्या रांगेकडे वळले. पहिले शिमोनबा. ते प्यायले आणि त्यांनी डोळे उघडले. प्रभुभोजनात डोळे मिटलेले असतात; त्यांनी उघडून पेल्यात पाहिलं. त्यांच्या शेजारच्यानं घोट घेतला आणि त्याचं तोंड वाकडं झालं. मग त्याच्या शेजारच्याचं. रांगेतून एक एक चेहरा असा आवळत जात होता आणि ते आवळणं माझ्या दिशेनं सरकत येत होतं. बायकांच्या रांगेत शिमोनबांची बायको राहेलबाई घोट घेऊन चक्क शहारली. कुणीतरी हळूच “देवा” म्हणालं. मी अजून पेल्याला शिवलेही नव्हते, तरी माझ्याचमुळे त्यात काहीतरी झालं होतं, याबद्दल मला शंका उरली नाही. फक्त माझ्या आधी बसलेल्या आईचा चेहरा पिताना हलला नाही.

पेला माझ्या ओठाला लागला. मनुकांचा गोडवा आला, आणि त्याच्यामागून लगेच ती चव. रोज सकाळची, जिभेच्या मुळाशी बसणारी. मी मान वळवून आईकडे पाहिलं. ती समोर भिंतीकडे तोंड केलेल्या फळ्याकडे बघत होती, हात मांडीवर घट्ट धरून. पाळकसाहेबांनी माझ्या हातून पेला घेतला, सगळ्यांच्या देखत तोंडाला लावला, मान मागे टाकली आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. सगळी मंडळी त्यांच्या गळ्याच्या घाटीकडे बघत होती. त्यांनी पेला पुसला, झाकला आणि शेवटचं गाणं सांगितलं. गाणं कुणी धड म्हटलं नाही.

बाहेर लिंबाखाली शिमोनबांनीच तोंड फोडलं. “पेला कडू झाला. उगाच हुत न्हाई. मोशेच्या नियमशास्त्रात कडू पान्याची परीक्षा हाय. याजक पाजितो, अन् ज्याच्यात पाप आसंल त्याचं पोट सुजतं.” बाबा म्हणाले, “शिमोनबा, ते वेगळ्या कारणासाठी...” आणि आजूबाजूला पोरं पाहून गप्प झाले. ते कारण मला पुष्कळ वर्षांनी स्वतः वाचून कळलं. तो नियम नवऱ्याला संशय आलेल्या बायकोसाठी होता आणि तिथे माझ्या खोकल्याचा काही संबंध नव्हता. पण त्या दिवशी लिंबाखाली उभ्या असलेल्या सगळ्यांना पोट सुजतं एवढंच ऐकू आलं. पाळकसाहेबांनी मंडळीला सांगितलं, पुढच्या महिन्याच्या प्रभुभोजनापर्यंत प्रत्येकानं स्वतःला तपासून पाहावं. मग ते सायकलवर बसून निघून गेले, आणि त्या महिन्यात आमच्या गावातली ख्रिस्ती माणसं आपापल्या पोटावर हात ठेवून झोपली. आज हे लिहिताना हसू येतं. तेव्हा कुणी हसत नव्हतं. दोन घरांनी आपली पोरं शाळेत पाठवणं बंद केलं. बाबा रिकाम्या जागांकडे बघत हजेरी घ्यायचे.

मला तर काढा ओळखता आला होता. पण त्यानं भीती कमी झाली नाही, तिनं घर बदललं एवढंच. आतापर्यंत ती माझ्याविषयी होती, आता आईविषयी झाली. देवाच्या पेल्यात हात घालणारी माझी आई होती. दंड मला नाही, तिला होणार होता. हे कुणाला सांगावं तर आईला मंडळीतून काढतील. न सांगावं तर देवाला ठाऊकच आहे. मी तिच्यावर पाळत ठेवली. ती वाकली, उठली, घागर उचलली की मी तिच्या पोटाकडे बघायची. आणि एके दिवशी, ओढ्यावरून धुणं घेऊन ती येत असताना, ओलं लुगडं अंगाला चिकटलेलं होतं आणि मला ते दिसलं. आईचं पोट पुढे आलं होतं.

मी काढा सोडला. अंडं सोडलं. मी खाल्लं नाही तर तिचं पोट उतरेल असा काहीतरी सौदा मी मनाशी केला होता; त्या वयात देवाशी असे सौदे करता येतात. ताप चढत गेला. बाबा पडवीत येऊन नुसते उभे राहायचे. आई काढ्याची वाटी घेऊन बसली होती, दुपार होती, सोनाकाकूच्या मळ्यात मोट कुरकुरत होती. “सुमे, दोन घोट घे. घेशील ना बाळा?” ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी वाटी ढकलली आणि रडत रडत सगळं ओकून टाकलं. पेल्यातली चव, शिमोनबांची परीक्षा, आणि “आई, तुझं पोट सुजलंय. तू मरणार.”

आईनं वाटी खाली ठेवली. मग तिनं माझा हात धरून आपल्या पोटावर ठेवला. आतून काहीतरी हललं. मी किंचाळून हात ओढून घेतला. “अगं येडे,” ती म्हणाली, “तुला भाऊ न्हाईतर बहीन हुनार हाय.” आमच्या वेळी पोरींना असलं काही सांगत नसत; दानीच्या वेळी मला मावशीकडे धाडलं होतं. ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मला अजूनही नीट विश्वास बसत नव्हता.

“मग तू पेल्यात काढा का घातलास?”

आईनं वाटीतल्या काढ्याकडे पाहिलं. “पाळक मागनं करत्यात पेल्यावर. काढ्यावर कोन करतं? म्या म्हनलं, दोनी येका जागी आसलं म्हंजी मागनं दोनीला लागंल.” मग म्हणाली, “जरासाच घातला हुता गं. येवढा कडू लागंल आसं न्हाई वाटलं.”

“आता सांगू नकोस कुणाला,” मी म्हणाले.

“तू पी,” ती म्हणाली. मी प्यायले.

पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी, उपदेश संपला आणि पाळकसाहेब पेल्यावरचं फडकं काढायला वळले, तशी आई उठून उभी राहिली. बायका देवळात गाण्याशिवाय तोंड उघडत नसत. मी तिच्या लुगड्याचा काठ धरून ओढला, तिनं तो सोडवून घेतला. “पेला म्या कडू केला,” ती म्हणाली. “अडुळसा हुता. कुनाचं पाप न्हाई त्यात. आसंल तर माजं हाय. पोरं भ्यायलीत, म्हनून सांगते.” पुरुषांच्या बाजूला बाबा बसले होते. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांची मान हळूहळू खाली गेली ती वर आलीच नाही.

पाळकसाहेब म्हणाले, “सगुणाबाई, तुम्ही हे मला आधी का नाही सांगितलं?”

“सांगितलं आसतं तर तुमी नगं म्हनला आसता.”

“हो. म्हटलं असतं.”

“म्हनून.”

शिमोनबा काही बोलायला उठत होते, पाळकसाहेबांनी त्यांना हातानं बसवलं. मला वाटलं, आता ते मायेचं काहीतरी बोलतील. माझ्यानंतरचा पेला प्यायलेला माणूस तो. पण ते रागावलेले होते, आणि त्यांचा राग खरा होता. म्हणाले, “या पेल्यात आपण आपलं काही घालत नसतो. दुःखसुद्धा नाही. ते बाहेर ठेवून यायचं, मग प्यायचं.” आईनं पुढच्या ईस्टरपर्यंत प्रभुभोजनाला बसायचं नाही, आणि रस यापुढे शिमोनबांच्या घरी व्हायचा, असं त्यांनी ठरवलं. मला म्हणाले, “सुमती, तू मात्र घ्यायचं.” आई उठली आणि मागे, जिथे लहान पोरांना घेऊन बायका बसायच्या, तिथे जाऊन भिंतीला टेकली. ती चालत गेली तेवढं अंतर फार नव्हतं. पण मला वाटलं, तिला सगळं गाव ओलांडून जायला सांगितलंय.

बाबांनी देवळातला पेला लुगड्याच्या तुकड्यासकट शिमोनबांच्या घरी पोचवला. ट्रंकेत त्याची जागा मोकळी राहिली. ते आईशी काही दिवस अगदी कामापुरतं बोलत होते. मग एका सकाळी कुंपणापाशी तेच सोनाकाकूपुढे धोतराचा सोगा पसरून अडुळसा घेताना मला दिसले. सोनाकाकू म्हणत होती, “मास्तर, सगुणेला तुमच्या लोकांनी वाळीत टाकलं म्हनं?” बाबा म्हणाले, “वाळीत नाही हो,” आणि सोगा गोळा करून घराकडे वळले.

त्या पावसाळ्यात माझा संध्याकाळचा ताप उतरायला लागला. कधी उतरला ते सांगता येत नाही. एके दिवशी लक्षात आलं की दिवेलागण झाली आणि गाल गरम नाहीत. बाजरी निघाली तेव्हा आई बाळंत झाली, मुलगी झाली, तिचं नाव करुणा ठेवलं. मला तिला घेऊ देत नव्हते. मी पडवीतून तिचं रडणं ऐकायची आणि आपला खोकला दाबून धरायची. मग थंडीत एकदा आईनं कोनाड्यातला माझा पितळी पेला उचलला, राखेनं खसाखसा घासला आणि घरातल्या बाकीच्या भांड्यांबरोबर फळीवर ठेवून दिला. दानीनं संध्याकाळी त्यातूनच पाणी प्यायलं. मी ओरडले, तर आई म्हणाली, “पिऊ दे.” त्या दिवशी मी पोटभर रडले.

पुढे नोकरीला लागताना नगरला माझ्या छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडाकडे धरून एका पांढऱ्या डागावर बोट ठेवलं. म्हणाले, “इथं जुनं काहीतरी भरून आलंय. काय घेतलं होतं तुम्ही?” मी म्हणाले, “अडुळशाचा काढा.” मग उगीच चुकल्यासारखं वाटलं, म्हणून पुढे म्हणाले, “आणि प्रभुभोजन.” ते हसले नाहीत, पण त्यांनी लिहिलंही काही नाही. कुणाचं शरीर आपोआपही बरं होतं, असं ते म्हणाले. असेल. पाळकसाहेबांना त्या पेल्यानं काही झालं नाही, ते पुष्कळ म्हातारे होऊन गेले. मी मात्र त्या ईस्टरनंतर दोन वर्षं ते सायकलवरून उतरताना धापा टाकतात का, हे चोरून बघत असे.

आईच्या शिक्षेचं वर्ष संपलं आणि पुढचा ईस्टर आला. आई पांढरं लुगडं नेसून, करुणाला मांडीवर घेऊन, माझ्या शेजारी पुढच्या रांगेत बसली. वर्षभर मागच्या भिंतीला टेकून तिच्या लुगड्यांना पाठीवर चुन्याचा डाग पडायचा. आज पाठ स्वच्छ होती. पेला रांगेतून येत होता. सगळ्यांचे डोळे मिटलेले, चेहरे शांत. वर्षभर तसेच असायचे, कुणी कधी तोंड वाकडं केलं नव्हतं. मला स्वतःलाही हा रस आईच्या रसापेक्षा आवडायचा, पण हे मी मेले तरी तिला सांगितलं नसतं. पेला आईच्या ओठाला लागला. तिनं घोट घेतला आणि तो तोंडात धरला. तिचे डोळे उघडले. मी पाहिलं आणि वर्षापूर्वीची सगळी भीती एका दमात परत आली. आता काय? आता काय झालं?

आईनं घोट गिळला, पेला माझ्याकडे सरकू दिला आणि ओठ न हलवता, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, “गूळ घातलाय.”

आता रस करणाऱ्या राहेलबाई शेजारच्याच रांगेत डोळे मिटून बसल्या होत्या. मनुका महाग, गूळ घरचा. वर्षभर मंडळी गुळाचं पाणी पीत होती, आणि ते गोड होतं म्हणून कुणी काही विचारलं नव्हतं. मी आईचा दंड घट्ट धरला. ती पुन्हा उठून उभी राहते की काय, अशी मला भीती वाटली. पण ती उठली नाही. तिनं करुणाचं टोपडं सारखं केलं आणि डोळे मिटून घेतले. तिचा दंड माझ्या हातात हलत होता. ती रडतेय असं मला आधी वाटलं, मग कळलं, ती हसू दाबतेय. मला मात्र डोळे मिटवेनात. मी पेल्यातून प्यायले, आणि मान जराशी वळवून पुरुषांच्या बाजूला शिमोनबांच्या पोटाकडे बघून घेतलं. ते होतं तेवढंच होतं.